मोठ्या एनबीएफसींसाठी भांडवल आणि एक्स्पोजरचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिझर्व्ह बँकेने एनबीएफसींसाठी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांसाठी, २२ ऑक्टोबर २०२१ रोजी जाहीर केलेली स्केल बेस्ड रेग्युलेशनची (आकार आणि जोखमीनुसार नियमनाची) चौकट १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली. मोठ्या एनबीएफसींच्या वित्त, जोखीम आणि अनुपालन विभागांतून तिच्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळ्या उत्तरांत एकच काल्पनिक कंपनी घेतली आहे: जोखीम-भारित मालमत्ता (प्रत्येक कर्जाला जोखमीनुसार वजन देऊन केलेली बेरीज) २५,००० कोटी रुपये, सीईटी१ भांडवल (समभाग आणि राखीव निधीचं सर्वांत भक्कम भांडवल) ३,७०० कोटी, पर्पेच्युअल डेट (परतफेडीची ठरावीक मुदत नसलेलं कर्ज) ३०० कोटी, म्हणजे टियर १ (मुख्य भांडवल) एकूण ४,००० कोटी, आणि टियर २ (दुय्यम) भांडवल ६०० कोटी. निर्णय घेण्याआधी त्या तारखेला लागू असलेले निर्देश मात्र स्वतः उघडून पाहावेत.

१. अप्पर लेयर म्हणजे काय? आमची कंपनी त्यात आहे की नाही, हे कोण ठरवतं?

एनबीएफसींचे चार थर आहेत: बेस, मिडल, अप्पर आणि टॉप. ठेवी न घेणाऱ्या, १,००० कोटींपेक्षा कमी मालमत्तेच्या कंपन्या बेस लेयरमध्ये येतात. त्याहून मोठ्या कंपन्या मिडल लेयरमध्ये. ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि गृहवित्त कंपन्या आकार कितीही असला तरी किमान मिडल लेयरमध्येच धरल्या जातात. अप्पर लेयर मात्र कंपनीने स्वतः ठरवायचा नसतो; रिझर्व्ह बँक नावं जाहीर करते. मालमत्तेनुसार पहिल्या दहा कंपन्या त्यात असतातच. बाकीच्या गुणांकनावर ठरतात. त्यात आकार, लिव्हरेज (स्वतःच्या भांडवलाच्या तुलनेत घेतलेलं कर्ज), इतर संस्थांशी असलेली गुंतागुंत यांसारख्या मोजता येणाऱ्या निकषांना ७० टक्के, तर देण्यांचं स्वरूप, गटाची रचना अशा गुणात्मक निकषांना ३० टक्के वजन आहे. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या यादीत १६ नावं होती. टॉप लेयर रिकामाच राहावा, अशी चौकटीची अपेक्षा आहे.

२. मग एवढ्या मोठ्या सरकारी वित्त कंपन्या यादीत का दिसत नाहीत?

सरकारी मालकीच्या एनबीएफसी पुढील सूचनेपर्यंत अप्पर लेयरमध्ये टाकायच्या नाहीत, असं चौकटीतच म्हटलं आहे. आकार कितीही असला तरी त्या बेस किंवा मिडल लेयरमध्ये राहतात. भांडवलाचे नियम त्यांना त्या थरानुसार लागू होतात.

३. आमच्या गटात तीन एनबीएफसी आहेत. त्यांची मालमत्ता एकत्र मोजायची का?

मिडल लेयरसाठी, हो. तिघींची मिळून मालमत्ता १,००० कोटी झाली, तर प्रत्येकीला मिडल लेयरचे नियम लागतात, एखादी एकटी २०० कोटींची असली तरी. अप्पर लेयर ठरवताना ही बेरीज होत नाही. गटातली एक कंपनी अप्पर लेयरमध्ये गेली म्हणून दुसरी आपोआप जात नाही.

४. यादीत नाव आलं. आता किती वेळ आहे?

तीन महिन्यांत संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण आणि अंमलबजावणीचा आराखडा तयार हवा. प्रत्यक्ष बदलांसाठी जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. शेअर बाजारात नोंदणी तीन वर्षांत करावी लागते. कामाचा क्रम चुकला की वेळ हातातून जातो. आधी लेजरमधून सगळी एक्स्पोजर (कर्ज, गुंतवणूक, हमी मिळून एकेका कर्जदारावर अडकलेल्या रकमा) काढा, मग कर्जदारांचे गट लावा, त्यानंतर मर्यादा बसवा. बरेच जण मर्यादेचा तक्ता आधी करतात. गट लावताना आकडे बदलले की तो तक्ता पुन्हा करावा लागतो.

५. पुढच्या वर्षी आकार घटला तर नियमांतून सुटका होते का?

नाही. एकदा अप्पर लेयरमध्ये आलात की निकष पूर्ण होत नसले तरी वाढीव नियम किमान पाच वर्षं लागू राहतात. एक अपवाद आहे: संचालक मंडळाच्या मंजूर धोरणानुसार कंपनीने व्यवसायाची फेरजुळणी स्वेच्छेने केली असेल आणि त्यामुळे ती निकषांखाली गेली असेल, तर आधी बाहेर पडता येतं. परिस्थितीच्या रेट्याने आकसलेला व्यवसाय या अपवादात बसत नाही.

६. भांडवल नेमकं किती हवं? तीन वेगवेगळे टक्के ऐकले आहेत.

तिन्ही एकाच वेळी पाळायचे. एकूण भांडवल पर्याप्तता प्रमाण, म्हणजे सीआरएआर, किमान १५ टक्के. टियर १ किमान १० टक्के. आणि अप्पर लेयरसाठी सीईटी१ किमान ९ टक्के. तिन्हींचा भाजक जोखीम-भारित मालमत्ता हाच. आपल्या कंपनीत सीईटी१ १४.८, टियर १ १६ आणि सीआरएआर १८.४ टक्के येतो. एकूण वित्तीय मालमत्तेच्या निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम सोन्याच्या दागिन्यांवरील कर्जांत असेल, तर टियर १ किमान १२ टक्के लागतं. कोअर इन्व्हेस्टमेंट कंपन्यांना (मुख्यतः आपल्याच गटातल्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या) सीईटी१ ची ही अट नाही. त्यांचं गणित समायोजित निव्वळ मालमत्तेवर चालतं.

हे किमान आकडे आहेत. मिडल आणि अप्पर लेयरला आपल्या जोखमींचं अंतर्गत मूल्यमापनही करावं लागतं, ज्याला आयसीएएपी म्हणतात. त्यातून १७ टक्क्यांची गरज निघाली, तर १५ टक्क्यांवर समाधान मानता येत नाही.

७. सीईटी१ मध्ये काय धरायचं आणि काय वजा करायचं?

भरणा झालेलं समभाग भांडवल, शेअर प्रीमियम, वैधानिक राखीव निधी, इतर मुक्त राखीव निधी आणि नफा-तोटा खात्यातली शिल्लक हे मुख्य घटक. पुनर्मूल्यांकन राखीव निधी ५५ टक्के कपात करून धरतात. गुडविल, इतर अमूर्त मालमत्ता, डिफर्ड टॅक्स मालमत्ता आणि चालू काळातला तोटा वजा होतो. इंड एएस (भारतीय लेखा मानकं) पाळणाऱ्या कंपन्यांनी एक गोष्ट विसरू नये: वाजवी मूल्यातून आलेला, अजून वसूल न झालेला नफा मालकी निधीत (समभाग भांडवल आणि राखीव निधी मिळून होणाऱ्या रकमेत) धरत नाहीत, पण तसाच तोटा असेल तर तो मात्र धरावाच लागतो.

पर्पेच्युअल डेट सीईटी१ मध्ये येत नाही. ठेवी न घेणाऱ्या कंपनीला तो टियर १ मध्ये, आदल्या ३१ मार्चच्या एकूण टियर १ च्या १५ टक्क्यांपर्यंत धरता येतो.

८. गटातल्या कंपन्यांत गुंतवलेले पैसे भांडवलातून पूर्ण वजा होतात का?

पूर्ण नाही, मालकी निधीच्या १० टक्क्यांवरचा भागच वजा होतो. या बेरजेत इतर एनबीएफसींचे समभाग, तसंच उपकंपन्या आणि गटातल्या कंपन्यांचे समभाग, रोखे, त्यांना दिलेली कर्जं आणि त्यांच्याकडच्या ठेवी येतात. आपल्या कंपनीचा वजावटीआधीचा मालकी निधी ३,८६० कोटी आणि अशी गुंतवणूक ५४६ कोटी समजा. १० टक्के म्हणजे ३८६ कोटी. वरचे १६० कोटी वजा होऊन ३,७०० उरतात. इथे नेहमीची चूक म्हणजे फक्त समभाग मोजणं. ट्रेझरीने भगिनी कंपनीला दिलेलं तीन महिन्यांचं आंतर-कंपनी कर्ज याच बेरजेत येतं. तिमाहीअखेरीस ते वेगळ्या लेजरमध्ये असल्याने नजरेतून निसटतं.

९. सबऑर्डिनेटेड डेट (इतर देणी फेडल्यावर मगच परत करायचं कर्ज) अजून फेडलेलं नाही, तरी टियर २ दरवर्षी कमी का होतं?

कारण मुदत जवळ येईल तसं ते भांडवल म्हणून कमी धरलं जातं. चार ते पाच वर्षं उरली असतील तर २० टक्के कपात, तीन ते चार उरल्यास ४०, दोन ते तीन उरल्यास ६०, एक ते दोन उरल्यास ८०, आणि शेवटच्या वर्षात पूर्ण १००. कपातीनंतरची रक्कमही टियर १ च्या निम्म्याइतकीच चालते. म्हणजे ५०० कोटींचा, सव्वातीन वर्षं उरलेला इश्यू आज ३०० कोटींचं भांडवल आहे. तीन महिन्यांनी तो २०० कोटींवर येईल. भांडवलाच्या पुढच्या आठ तिमाहींच्या अंदाजात प्रत्येक इश्यूची ही उतरण तारखेनिशी मांडलेली असावी.

१०. पर्सनल लोन वाढवली की सीआरएआर इतक्या झपाट्याने का उतरतो?

१६ नोव्हेंबर २०२३ पासून एनबीएफसींच्या ग्राहक कर्जांचा जोखीम भार १०० वरून १२५ टक्के झाला. गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज, वाहनकर्ज, सोन्याच्या दागिन्यांवरील कर्ज आणि सूक्ष्म वित्त ही कर्जं त्यातून वगळली होती. ४,००० कोटींची पर्सनल लोन या भाराने ५,००० कोटींची जोखीम-भारित मालमत्ता होते. जादा १,००० कोटींसाठी १५ टक्के दराने १५० कोटी भांडवल जास्त लागतं. अडचण येते ती वर्गीकरणात: वाहनाच्या तारणाशिवाय दिलेलं टॉप-अप कर्ज ‘वाहन’ शीर्षकाखाली ठेवलं म्हणून वाहनकर्ज ठरत नाही. गृहवित्त कंपन्यांना जोखीम भारांचा वेगळा तक्ता आहे.

११. ईसीएलच्या (अपेक्षित कर्जतोट्याच्या) तरतुदी टियर २ मध्ये धरता येतात का?

फक्त पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे बारा महिन्यांच्या अपेक्षित तोट्याच्या. त्या सामान्य तरतूद म्हणून जोखीम-भारित मालमत्तेच्या १.२५ टक्क्यांपर्यंत चालतात. आपल्या कंपनीसाठी कमाल ३१२.५० कोटी. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या (जोखीम बरीच वाढलेल्या आणि थकलेल्या कर्जांच्या) आयुष्यभराच्या ईसीएलला भांडवलात जागा नाही. तिथे ती रक्कम जोखीम-भारित मालमत्तेतून कमी होते.

दुसरी अट मार्च २०२० च्या परिपत्रकातली. ईसीएलची तरतूद उत्पन्न-ओळख आणि वर्गीकरणाच्या नियमांनुसार येणाऱ्या तरतुदीपेक्षा कमी असेल, तर फरक करोत्तर नफ्यातून इम्पेअरमेंट रिझर्व्हमध्ये टाकायचा. हा रिझर्व्ह भांडवलात मोजत नाहीत, आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय त्यातून रक्कम काढता येत नाही. तुलना करताना अप्पर लेयरचे स्टँडर्ड (थकीत नसलेल्या) मालमत्तेचे तरतूद-दर वापरा: वैयक्तिक गृहकर्ज आणि लघु-सूक्ष्म उद्योग ०.२५ टक्के, व्यापारी निवासी प्रकल्प ०.७५, इतर व्यापारी स्थावर १ आणि बाकी बहुतेक सगळं ०.४० टक्के.

१२. एका कर्जदाराला जास्तीत जास्त किती देता येतं?

अप्पर लेयरचं लार्ज एक्स्पोजर फ्रेमवर्क (मोठ्या एक्स्पोजरवरच्या मर्यादांची चौकट) टियर १ भांडवलावर चालतं. एका कर्जदारासाठी २० टक्के. संचालक मंडळाच्या मंजुरीने आणखी ५. संलग्न कर्जदारांच्या गटासाठी २५ टक्के. पायाभूत सुविधांच्या कर्जासाठी किंवा गुंतवणुकीसाठी गटाला आणखी १० (एका कर्जदाराला आणखी ५, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा). आपल्या कंपनीत हे आकडे अनुक्रमे ८००, १,०००, १,००० आणि १,४०० कोटी होतात. इन्फ्रास्ट्रक्चर फायनान्स कंपनी (मुख्यतः पायाभूत सुविधांना कर्ज देणारी) अप्पर लेयरमध्ये असेल, तर एका कर्जदाराला २५ टक्के, मंडळाच्या मंजुरीने ३०, आणि गटाला ३५.

टियर १ च्या १० टक्के किंवा अधिक असलेलं प्रत्येक एक्स्पोजर ‘मोठं’ ठरतं आणि कळवावं लागतं. आपल्याकडे ती रेषा ४०० कोटींवर आहे. कर्ज आणि गुंतवणूक वेगळी मोजायची नाही. त्याच कंपनीचे रोखे ट्रेझरीत असतील, तर तेही याच बेरजेत.

१३. मंडळाचे ५ आणि पायाभूत सुविधांचे ५, असे मिळून ३० टक्के होतात का?

नाही. इन्फ्रास्ट्रक्चर फायनान्स कंपनी सोडून बाकीच्यांना एका कर्जदारासाठी २५ टक्क्यांची भिंत आहे. दोन्हींपैकी कोणत्याही वाटेने या, त्यापुढे जाता येत नाही. मंजुरीचा ठराव वितरणाआधीचा असावा. वितरणानंतर घेतलेली मंजुरी म्हणजे मर्यादाभंग झाकण्याचा प्रयत्न, असंच तपासणीत वाचलं जातं, आणि तसं वाचणं योग्यच आहे.

१४. मंजूर पण न उचललेली रक्कम मोजायची का?

मोजायची, क्रेडिट कन्व्हर्जन फॅक्टरने, म्हणजे न उचललेल्या रकमेचा किती भाग एक्स्पोजर धरायचा त्या टक्केवारीने. एक वर्षापर्यंतच्या वचनाला २० टक्के, त्याहून लांब वचनाला ५० टक्के, आर्थिक हमीला १०० टक्के. १८ महिन्यांत टप्प्याटप्प्याने उचलायच्या ८०० कोटींच्या कर्जात ६०० गेले असतील, तर एक्स्पोजर ६०० अधिक २०० चे निम्मे, म्हणजे ७०० कोटी.

घसरण्याची जागा पुढे आहे. कंपनीला विनाशर्त कधीही रद्द करता येतात, अशा मर्यादांचा फॅक्टर सीआरएआरसाठी शून्य आहे. लार्ज एक्स्पोजरसाठी मात्र किमान १० टक्के धरावाच लागतो. दोन्ही गणितांना एकाच सिस्टीम-टेबलमधून फॅक्टर पुरवले असतील, तर एक्स्पोजर अहवाल गुपचूप कमी येतो. ही चूक बेरीज-ताळ्यात सापडत नाही, कारण दोन्ही अहवाल एकमेकांशी जुळतात.

१५. कर्जाच्या दुप्पट किमतीची जमीन गहाण आहे. मग एक्स्पोजर कमी धरता येईल?

नाही. गहाण जमीन वसुलीला कामी येते, मर्यादेच्या गणितात नाही. वजावट मिळते ती मोजक्या गोष्टींना: सेट-ऑफचा (थकबाकीत वळती करून घेण्याचा) हक्क असलेली, बोजामुक्त रोख मार्जिन किंवा सुरक्षा ठेव, केंद्र आणि राज्य सरकारच्या हमीचे पात्र दावे, मान्य पत हमी योजनांची हमी. ठेव आपल्या नावावर लीन (तारण म्हणून राखून) केलेली नसेल किंवा सेट-ऑफचं कलम करारात नसेल, तर पैसे खात्यात असूनही वजावट नाही. मंजुरीपत्रात कलम आहे पण अंतिम करारात राहून गेलं, असं वरचेवर घडतं. म्हणून वजावट घेण्याआधी सही झालेला करार पाहा. रक्कम वजा केल्याने ती नाहीशी होत नाही. हमीदाता पात्र असेल, तर तेवढं एक्स्पोजर हमीदात्यावर नोंदवायचं.

१६. संलग्न गट कसा ओळखायचा? प्रवर्तक एकच असला की झालं?

एकच प्रवर्तक ही फक्त सुरुवात. कसोट्या दोन आहेत. पहिली नियंत्रणाची: ५० टक्क्यांहून अधिक मताधिकार असला की गट आपोआप. त्याखालीही मतदानाचा करार किंवा संचालक नेमण्या-काढण्याची ताकद असेल तर नियंत्रण मानावं. दुसरी आर्थिक अवलंबित्वाची: एकाच्या उत्पन्नाचा किंवा खर्चाचा निम्मा वा अधिक भाग दुसऱ्याकडून येतो का, एकाने दुसऱ्याची मोठी हमी घेतली आहे का, दोघांच्या परतफेडीचा स्रोत एकच आहे का. एखाद्या कर्जदारावरचं एक्स्पोजर टियर १ च्या ५ टक्क्यांपुढे गेलं, की अवलंबित्वाची तपासणी करावीच लागते.

आकड्यांत पाहू. ‘क’ कंपनीला ५०० कोटी, तिच्या ७० टक्के मालकीच्या ‘ख’ला २२० कोटी आणि ‘ग’ या पुरवठादाराला ३५० कोटी दिले आहेत. ‘ग’चा ‘क’शी मालकीचा काहीच संबंध नाही, पण तिची ६० टक्के विक्री ‘क’लाच होते. तिघेही ८०० च्या आत. गट लावला की १,०७० कोटी, आणि मर्यादा १,०००. ‘ग’ची फाइल लघु-मध्यम उद्योग विभागात आणि ‘क’ची कॉर्पोरेट विभागात असते, म्हणून हा धागा कोणाच्याच हाती लागत नाही. ‘ग’च्या जीएसटी विवरणांतून ग्राहकनिहाय विक्री काढणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

‘ग’ला वाजवी वेळेत दुसरे ग्राहक मिळू शकतात, हे पुराव्यासह दाखवता आलं तर तिला गटाबाहेर ठेवता येतं. कर्जदाराचं आश्वासनपत्र म्हणजे पुरावा नव्हे.

१७. सरकारी कंपनीला दिलेलं कर्ज मर्यादेतून सुटतं का?

मालकी सरकारची आहे, एवढ्याने नाही. सूट आहे ती शून्य जोखीम भार असलेल्या केंद्र आणि राज्य सरकारांवरील थेट एक्स्पोजरला, आणि मुद्दल-व्याज दोन्हींची पूर्ण हमी केंद्र सरकारने घेतली असेल त्याला. राज्य सरकारच्या हमीला अशी सरसकट सूट नाही. तिचा उपयोग प्रश्न १५ मध्ये सांगितल्याप्रमाणे. दोन सरकारी कंपन्यांचा एकमेकींशी दुसरा काही संबंध नसेल, तर मालक सरकार आहे एवढ्यावरून त्यांचा गट होत नाही.

गटातल्या कंपन्यांमधला जो भाग मालकी निधीतून आधीच वजा झाला (प्रश्न ८ मधले १६० कोटी), तो मर्यादेतून वगळला जातो. उरलेले ३८६ मोजायचेच.

१८. आम्ही नवीन रुपयाही दिला नाही, तरी मर्यादा ओलांडली गेली. हे कसं?

भाजक घटला म्हणून. समजा, ‘घ’ या दुसऱ्या कर्जदाराला आज ७६० कोटी दिलेले आहेत, म्हणजे टियर १ च्या १९ टक्के. वर्षाअखेरीस तोटा झाला आणि टियर १ ३,६०० वर आलं, की तेच ७६० कोटी २१.१ टक्के होतात. मोठे मर्यादाभंग बहुतेकदा असेच होतात: भांडवल घटून, नाहीतर उशिरा लक्षात आलेल्या गटामुळे. मुद्दाम जास्त कर्ज दिल्याचं उदाहरण विरळा. म्हणून अंतर्गत मर्यादा १७-१८ टक्क्यांवर ठेवणं शहाणपणाचं. टियर १ दहा टक्के घटलं तर कोणती नावं लाल होतील, याची यादी दर तिमाहीला जोखीम समितीपुढे असावी.

भंग झालाच तर रिझर्व्ह बँकेच्या पर्यवेक्षण विभागाला लगेच कळवायचं, आणि आकडा आत येईपर्यंत त्या कर्जदाराला किंवा गटाला नवं काहीही द्यायचं नाही. आधी मंजूर झालेल्या हप्त्यांवरही वितरण विभागाने त्याच दिवशी सिस्टीममध्ये रोध लावावा. ईमेलवर दिलेली सूचना शाखेपर्यंत पोहोचेस्तोवर एखादा हप्ता सुटून जातो.

१९. टियर १ कोणत्या तारखेचं घ्यायचं?

शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदाचं. त्यानंतर नवं भांडवल आलं असेल, तर बाह्य लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र घेऊन ते धरता येतं. राइट्स इश्यूची (सध्याच्या भागधारकांना नवे समभाग देऊ करण्याची) घोषणा झाली म्हणून उद्याचं भांडवल आज मोजता येत नाही. वाटप पूर्ण झालेलं हवं.

२०. शेअर बाजार आणि स्थावर मालमत्तेसाठी वेगळी मर्यादा आहे का?

टक्केवारी रिझर्व्ह बँकेने ठरवलेली नाही. भांडवली बाजार आणि व्यापारी स्थावर मालमत्तेसाठी संचालक मंडळाने अंतर्गत मर्यादा ठरवायच्या, आणि जमीन खरेदीच्या कर्जांना त्यात उपमर्यादा लावायची. अप्पर लेयरला इतर एनबीएफसींवरील एक्स्पोजरसाठीही अंतर्गत मर्यादा हवी. आयपीओत पैसे लावण्यासाठी दिलेल्या कर्जाला मात्र ठाम आकडा आहे: १ एप्रिल २०२२ पासून एका कर्जदाराला १ कोटी रुपये.

२१. आम्ही मिडल लेयरमध्ये आहोत. यातलं आम्हाला काय लागू होतं?

सीआरएआर, टियर १ आणि आयसीएएपी लागू. सीईटी१ ची ९ टक्क्यांची अट आणि लार्ज एक्स्पोजर फ्रेमवर्क नाही. तुमच्या मर्यादा टियर १ च्या एका कर्जदारासाठी २५ आणि एका गटासाठी ४० टक्के. म्हणजे अप्पर लेयरमध्ये जाताना सर्वांत मोठा धक्का गटाच्या मर्यादेला बसतो: ४० वरून थेट २५. यादीत नाव येण्याची शक्यता दिसत असेल, तर ३० टक्क्यांपुढच्या गटांना नवी दीर्घ मुदतीची मंजुरी आजपासूनच थांबवावी. २४ महिन्यांत सात वर्षांचं कर्ज आपोआप उतरत नाही.

२२. बँक आम्हाला आणखी कर्ज देत नाही, मर्यादा संपली म्हणते. ती हीच मर्यादा का?

नाही, ती बँकेची स्वतःची. एका एनबीएफसीवर बँकेला तिच्या टियर १ च्या २० टक्क्यांपर्यंत आणि संलग्न एनबीएफसींच्या गटावर २५ टक्क्यांपर्यंत एक्स्पोजर घेता येतं. सोनेतारण कर्ज देणाऱ्या एनबीएफसींसाठी याहून कमी. तिथे भाजक बँकेचं भांडवल आहे, त्यामुळे तुमचा सीआरएआर कितीही चांगला असला तरी ती जागा वाढत नाही. गटातल्या दुसऱ्या एनबीएफसीने त्याच बँकेकडून किती घेतलं आहे, ते आधी विचारून घ्या.